दारापुढचे दोन गुंठे



उसाच्या बाबतीत आपण गुंठ्यागुंठ्याचा हिशेब ठेवतो. एकरी ४० टन उतारा पडला तर गुंठ्याला एक टन, हे गणित आपल्याकडे शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे. शेजाऱ्याने बांध कोरून अर्धी सरी दाबली तर मोजणी मागवायला आपण कमी करत नाही. पण घराच्या दारापुढे जी दोन गुंठे जागा पडून असते, तिचा हिशेब कधी कुणी मांडला आहे काय? तिथे एका कोपऱ्यात मोडकी बैलगाडी, दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या सालच्या बांधकामाची उरलेली वाळू, मोरीचे पाणी वाहील तिकडे, आणि मधोमध ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेले खड्डे. पाहुणा आला की आपण म्हणतो, "या, जरा जपून या, चिखल आहे." हे वाक्य आपण इतक्या वर्षांपासून म्हणतो आहोत की ते आता स्वागताचाच भाग झाले आहे.

उसाचे बिल हातात आले की घराच्या सुधारणेचा विषय निघतो. बहुतेक घरांत तो दोन गोष्टींवर येऊन थांबतो. एक, रस्त्यावर मोठे लोखंडी गेट व कमान. दोन, सगळ्या अंगणाला सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक. गेटला आमचा विरोध नाही, ते ज्याच्या त्याच्या हौसेवर. पण कमानीखालून घरात पाणी शिरत असेल तर त्या कमानीचा उपयोग काय? म्हणून या लेखात अंगणाची मांडणी नव्याने करताना कोणता क्रम धरावा, ते आम्ही सांगणार आहोत. क्रम सोपा आहे. आधी पाणी, मग वाट, मग फरशी आणि शेवटी झाड. आपण नेमके उलटे करतो. आधी झाड लावतो, मग फरशी घालतो, आणि पावसाळा आला की पाण्यासाठी दोन्ही उकरतो.

आधी कागदावर

शाळेच्या वहीचा चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे दोन फूट धरा. घर, ओटा, गोठा, विहीर किंवा बोअर, संडास, मोरी, विजेचा खांब, वरून जाणाऱ्या तारा, रस्ता, असलेली झाडे हे सगळे मापाने त्यावर काढा. उत्तर दिशा दाखवा. मग घरातल्या प्रत्येकाला विचारा, की तुझा दिवसभरात कुठे कुठे फेरा होतो? घरधन्याचा फेरा ट्रॅक्टरपासून ओट्यापर्यंत असतो. घरच्या बाईचा फेरा मोरी, हापसा, गोठा, चूल, वाळवण, तुळस असा दहा ठिकाणचा असतो. ज्या बाईला रोज अंगण झाडायचे, सडा घालायचा, पाणी आणायचे, तिला न विचारता आखलेले अंगण चार दिवस फोटोला बरे दिसते, पुढे तिच्या पायांना जड जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारावे. आमच्या पाहण्यात एक आजीबाई आहेत. घराची सुधारणा झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं चांगलं केलं बाबांनो, पण रातचं संडासला जायला चार पायऱ्या वाढल्या." बघा, एवढीशी गोष्ट, पण पडून मांडीचे हाड मोडले तर त्या घराचा सगळा हिशेब बदलतो.

जमिनीवर आखणी करताना खुंट्या, सुतळी आणि फक्की पुरेशी आहे. काटकोन हवा असेल तर गवंड्याच्या गुण्यावर विसंबू नये, कारण लांब अंतरात तो चुकतो. एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून तिरका दोर ५ फूट भरला की कोन बरोबर झाला. अंतर मोठे असेल तर ६, ८ आणि १० फूट घ्या.

पाण्याचा उतार

आपल्या गावांतून एक नवीनच अडचण दिसते. दर काही वर्षांनी रस्त्यावर खडी-डांबराचा थर चढतो. रस्ता उंच होतो, अंगण आहे तिथेच राहते आणि जुन्या घराचे जोते खाली जाते. आजोबांच्या काळी जिथून पाणी रस्त्याकडे जायचे, तिथे आता रस्त्याचे पाणी ओट्याकडे येते. दोष कुणाचा, यावर ग्रामसभेत भांडत बसण्यापेक्षा आपला उतार आपण नीट करून घेणे बरे.

पाणी किती येते ते आधी समजून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. समजा घराचा स्लॅब ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर आहे. एका रात्रीत ५० मिलिमीटरचा जोराचा पाऊस झाला तर त्या स्लॅबवरून २,८०० लिटर पाणी खाली येते. २०० लिटरची चौदा पिंपे! दारापुढच्या दोन गुंठ्यांवर पडणारे दहा हजार लिटर त्याखेरीज. एवढे पाणी नुसत्या 'जाईल कुठंतरी' यावर सोडता येत नाही.

आता उदाहरण घेऊ. घर पूर्वाभिमुख, समोर रस्ता, अंगण रस्त्याच्या कडेने ६६ फूट लांब व घरापासून रस्त्यापर्यंत ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर दोन गुंठे. रस्ता उंच झालेला. अशा ठिकाणी सगळे अंगण रस्त्याएवढे भरून घेण्याचा मोह होतो. तसे केले की पाणी थेट भिंतीला लागते आणि ओल चढते. त्याऐवजी ओट्यापासून रस्त्याकडे २० फुटांपर्यंत उतार द्यावा, दर १० फुटांना २ इंच, म्हणजे एकूण ४ इंच. रस्त्याकडूनही अंगणाच्या बाजूला उतार येईल. दोन्ही उतार जिथे मिळतात तिथे लांबीच्या दिशेने एक उथळ, रुंद चर काढावा. उसाचा दंड काढतो तसाच, पण पसरट, म्हणजे पोरांचे पाय अडकणार नाहीत आणि मोटारसायकलही ओलांडेल. चराला दर १० फुटांना एक इंच उतार दिला तर ६६ फुटांत साधारण साडेसहा इंच होतो. शेवटी तो चर आपल्याच परसबागेत किंवा शेतात सोडावा. शेजाऱ्याच्या दारात सोडू नये. पाण्यावरून सुरू झालेली भांडणे कुठवर जातात, ते आपणांस सांगायला नको.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, तीत पाणी भरा, आतले बुडबुडे काढा. दोन टोकांचे पाणी एकाच पातळीला राहते, त्यावरून खुंटीवर खूण करा. वीस मिनिटांचे काम आहे.

स्लॅबचे पाणी पन्हळीने एकत्र करून बोअरला सोडण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी झाली आहे. चांगली आहे, पण पाणी खडी-वाळूच्या गाळणीतूनच गेले पाहिजे. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर काढावे. अंगणातले किंवा गोठ्याचे पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नये. तेच पाणी आपण पितो.

मोरीचे पाणी

पावसाचे पाणी चार महिने, मोरीचे बारा महिने. घराघरांतून निघणारे हे पाणी गटारीत साचते आणि डास होतात. घाणीतले डास वेगळे आणि डेंग्यूचे वेगळे, हे लक्षात ठेवावे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिंप, कुंडीखालची ताटली, जुना टायर, फुटका माठ, एवढे त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला सर्वसाधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. हाच तो 'कोरडा दिवस'. ट्रॅक्टरचे जुने टायर अंगणात रचून ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा हा उत्तम उपाय. नांदेड जिल्ह्यात गावेच्या गावे यावर उभी राहिली आणि ती पद्धत 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. खड्डा ४ फूट लांब, ४ फूट रुंद व ४ फूट खोल. मध्ये वरच्या अंगाला भोके असलेली सिमेंटची टाकी, भोवती मोठे दगड, वर बारीक खडी. खरकटे व गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि पाणी भोकांतून बाहेर झिरपते. टाकीवर झाकण घट्ट हवे, डासाला फट मिळता कामा नये. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे. शोषखड्डा आणि संडासाची टाकी पिण्याच्या विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावी.

जागा असेल तर मोरीचे पाणी केळी, कर्दळ व अळूच्या वाफ्यातून फिरवावे. या तिन्ही वनस्पती पाणी भरपूर ओढतात. मात्र साबण-सोड्याच्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी अशी भाजी घेऊ नये.

संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगाव खराटे निघाले. बाबांनी आयुष्यभर खराटा हातात घेतला तो बक्षिसासाठी नव्हे. अंगणातले पाणी जिरले तर खराट्याचे अर्धे काम आपोआप कमी होते.

वाट आणि ट्रॅक्टर

आता सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी अंगणात बैलगाडी यायची. बैल पोराला पाहून थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला ट्रॉलीमागचे लहान मूल दिसत नाही. ज्या अंगणात पोरे खेळतात, आजी शेंगा फोडत बसते, तिथेच आपण ट्रॅक्टर मागे-पुढे करतो. अशा अपघाताच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, आणि संध्याकाळी ट्रॅक्टर पुन्हा तिथेच आणून लावतो.

म्हणून ट्रॅक्टरची जागा अंगणाच्या एका कडेला, रस्त्यालगत ठेवा. गेट निदान १२ फूट रुंद हवे. ट्रॅक्टर एका वाटेने आत येऊन दुसऱ्या वाटेने बाहेर पडेल, अशी सोय झाली तर मागे घेण्याचे कारणच उरत नाही. तेवढी जागा नसेल तर ट्रॉली बाहेर सोडावी आणि घर व ट्रॅक्टर यांच्यामध्ये मेंदी किंवा कोरांटीचे कुंपण लावावे. कमरेएवढे कुंपण पुरे आहे. पोर ते ओलांडून पळत येणार नाही आणि चालकाला कुंपणापलीकडचे दिसेल. कीटकनाशके, तणनाशके व डिझेलची खोली याच बाजूला, कुलूप लावून.

माणसांची वाट वेगळी, गेटपासून ओट्यापर्यंत सरळ, ४ फूट रुंद. पायऱ्या सहा इंचांपेक्षा उंच नकोत, आणि एका बाजूला पायऱ्यांऐवजी उतार व धरायला पाइप. संडासापर्यंतची वाट कोरडी व उजेडाची हवी. सरपण, दगड, गोवऱ्यांचे ढीग भिंतीला लावून रचू नयेत. तिथे उंदीर येतात, उंदरामागे नाग-घोणस येतात. साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता माणसाला थेट दवाखान्यात न्यावे.

आणखी एक. कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. पावसात वीज उतरलेल्या तारेला ओला कपडा लावताना गेलेली माणसे आपल्या भागात थोडी नाहीत. नायलॉनची दोरी काही रुपयांत येते.

फरशी किती, माती किती

सगळ्या अंगणाला सिमेंट केले की झाडायला सोपे, हे खरे. पण त्यावर पडलेला थेंब मुरत नाही. उन्हाळ्यात फरशी दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता घराला देते. बाजेवर बाहेर झोपणारा माणूस हे अंगाने जाणतो. शिवाय शेणसड्याची ओल फरशीवर टिकत नाही.

आमचे मत असे आहे. ओट्यालगत सहा फुटांचा पट्टा शहाबादी फरशीचा, म्हणजे पागोळीच्या पाण्याने जोत्याशी खड्डे पडणार नाहीत. माणसांची वाट फरशीची. वाळवणासाठी १० फूट बाय १० फूट उन्हातली फरशी, कुरडया, सांडगे, हळद, शेंगा, डाळी यांसाठी. बाकी सगळी जागा मुरमाची. तीन इंच जाडीचा मुरूम दोन गुंठ्यांवर पसरायचा तर ५४४ घनफूट, म्हणजे साडेपाच ब्रास होतो. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, तेव्हा सात ब्रास धरावा. पाणी शिंपून धुम्मसाने चोपला, वर माती-शेणाचे सारवण केले, की जुन्या खळ्यासारखी जमीन तयार होते. दर वर्षी एखादा हात द्यावा लागतो, एवढेच.

झाडे कोणती, कुठे

झाड लावताना ते पंधरा वर्षांनी केवढे होईल ते पाहावे. वड, पिंपळ, उंबर ही पूज्य झाडे, पण घराच्या भिंतीजवळ त्यांची मुळे जोत्यात शिरतात. त्यांची जागा पाराला, देवळाला. गुलमोहर मुळात मादागास्करचा. फुलला की दृष्ट लागावी असा, पण त्याची मुळे वरवर पसरतात आणि वादळात फांद्या मोडतात. घराजवळ व वाटेवर नको. शेवग्याची फांदीही ठिसूळ, म्हणून तो परसात, पोरे चढणार नाहीत अशा जागी. विजेच्या तारांखाली उंच वाढणारे काहीही नको, नारळ तर नकोच.

सावलीला कडुनिंब. घरापासून निदान १५-२० फूट अंतरावर, शक्यतो पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजूला, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडून येते. पूर्वेचे कोवळे ऊन अडवू नये, वाळवण व म्हातारी माणसे दोन्हींना ते हवे असते. उकिरडा पूर्व बाजूला परसात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो, तो वास घरात येत नाही.

दाराजवळ तुळस, पारिजातक, जास्वंद, मोगरा, तगर. मोरीच्या बाजूला लिंबू, कढीपत्ता, गवती चहा, अडुळसा. लिंबासाठी २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावा. कारखान्याच्या प्रेसमडचे कुजलेले खत, शेणखत व माती यांनी तो भरावा. आळ्यात पाचटाचे आच्छादन करावे. शेतात पाचट जाळू नका म्हणून आपण सभांतून ऐकतो, त्याची सुरुवात दारापासून करायला काय हरकत आहे?

काही झाडे मात्र ओळखून दूर ठेवावीत. कण्हेर व पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दोन्ही विषारी. बिट्टीच्या बिया पोरे खेळायला घेतात. धोतरा तसाच. घाणेरी जनावराने खाल्ली तर विषबाधा होते. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्याकडे दिसू लागले आणि आज आपल्या बांधाबांधावर आहे. त्याने अंगाला खाज, दम्याचा त्रास होतो. फुलावर येण्याआधी, हातात काही घालून, मुळासकट उपटावे.

अंगणातली भिंत

शेवटी थोडे नाजूक बोलतो. भाऊ-भाऊ वेगळे होतात. आज हे घरोघरी आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. शेताची वाटणी तलाठ्याच्या कागदावर होते. अंगणाची वाटणी मात्र बहुधा रागाच्या भरात, एका दिवसात, विटांनी होते. मधोमध भिंत येते. मग एकाच्या मोरीचे पाणी तुंबते, दुसऱ्याचा ट्रॅक्टर वळत नाही, तुळस एकीकडे आणि तिला रोज पाणी घालणारी म्हातारी दुसरीकडे. एका घरी आम्ही असे पाहिले की भिंतीला नंतर हातभर खिडकी पाडली होती. विचारले तर थोरला म्हणाला, "आईसाठी. तिला दोन्हीकडची नातवंडं दिसायला हवीत." धाकट्याने मान खाली घातली, बोलला काही नाही.

वाटणीला आमचा सल्ला एवढाच, की भिंतीआधी कागद घ्या. पाण्याचा चर, गाडी वळायची जागा, विहिरीची वाट आणि वाळवणाची फरशी या चार गोष्टी सामाईक ठेवता येतात का, ते पाहा आणि तसे लिहून ठेवा. बाकी ज्याचे त्याला. दोन घरांची चूल वेगळी झाली तरी पावसाला ते कळत नाही, तो दोघांच्या दारात सारखाच पडतो.

कामाचा क्रम

ऊस तुटून गेला की मार्च-एप्रिलात अंगण रिकामे करा, मोजमाप व उतार काढा. मे महिन्यात चर, शोषखड्डा, मुरूम, वाटा. झाडांचे खड्डेही तेव्हाच. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जाते ते पाहा. जिथे थांबेल तिथे खुंटी ठोका व उघडीप मिळताच ती जागा दुरुस्त करा. त्यानंतर, जून-जुलैत, झाडे लावा. पेव्हर ब्लॉक किंवा कमान घालायचीच असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. पुढच्या हंगामाचे बिल आहेच.

हे सगळे एकदम करायला पैसा लागतो असे नाही. चर काढायला फावडे लागते, ट्रॅक्टरची जागा बदलायला फक्त मन लागते. या उन्हाळ्यात एवढ्या दोन गोष्टी ज्यांच्या हातून होतील, त्यांच्या दारी पुढच्या पावसात पाहुणा आला तर त्याला "जरा जपून या" असे म्हणावे लागणार नाही. नुसते "या" म्हटले की झाले.